रॅकवर 189, बिलात 214: ‘एमआरपीच्या आतच आहे’ हे उत्तर चालतं का?

टिळकवाडीकर
बेळगावातल्या एका मोठ्या मार्टात शेंगतेलाच्या पाकिटाखाली 189 ची चिठ्ठी होती, बिलात लागले 214. विचारलं तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, “एमआरपी 240 आहे काका, आम्ही कमीच लावलंय.” मागची रांग माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी उधारी मागतोय. फरक परत मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. मला खटकलं ते उत्तर.

एमआरपी म्हणजे कमाल मर्यादा. तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, हे पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत लिहिलंय. पण मर्यादेच्या आत दुकानानं स्वतः जो दर लावला, तो काय शोभेला? मी तो दर बघून पाकीट उचललं. शेजारी दुसऱ्या कंपनीचं 195 ला होतं, ते ठेवून दिलं. म्हणजे त्या चिठ्ठीनं माझा निर्णय फिरवला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा किमतीबाबत दिशाभूल करण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. मग रॅकवरचा दर दुकानावर बंधनकारक का नको? आणि विचारणाऱ्याला पैसे परत देऊन भागत नाही. त्या दिवशी तेच तेल नेलेल्या, बिल न बघणाऱ्या बाकीच्यांचं काय?

काउंटरपलीकडचा
काका, असल्याच एका दुकानात मी फ्लोअरवर काम केलंय, म्हणून सांगतो. किंमत रात्री मुख्य ऑफिसातनं सर्व्हरवर बदलतीय. सकाळी चिठ्ठ्या छापून लावायला दोन पोरं, आणि वस्तू हजारांनी. एक पोरगं सुट्टीवर गेलं की अख्खी रांग कालच्याच दरावर. त्यात एकाच बारकोडवर दोन एमआरपी असतात, जुन्या मालाची वेगळी, नव्या मालाची वेगळी. स्कॅन केलं की पडद्यावर दोन्ही येतात; पाकीट फिरवून, छापील दर वाचून पोरीनं बरोबर तो निवडायचा. हे सगळं शनिवारी संध्याकाळी, निम्मं शहापूर आणि वडगाव रांगेत उभं असताना. चुकतंय की ओ!

आणि परत दिलेला फरक कुठनं येतो म्हणून कधी विचारलासा? आमच्याकडं पगारातनं कापायचे. तुम्ही भांडून 25 रुपये नेता, ते त्या पोरीचे असतात. म्हणून ती ‘एमआरपीच्या आत’ म्हणते. तिला दुसरं काय शिकवलेलंच नाही.

टिळकवाडीकर
पगारातून कापणं हा मालकाचा दुसरा अन्याय. तो पुढं करून पहिला झाकता येत नाही. आणि चूकच असेल तर ती दोन्ही बाजूंना व्हायला पाहिजे. रॅकवर 214 आणि बिलात 189, असं आपल्यापैकी किती जणांना लागलंय?

काउंटरपलीकडचा
लागतंय. पण तवा कोण काउंटरवर येऊन सांगतंय?

फुकटचा सल्ला
कायद्याची बाजू मांडतो. ती टिळकवाडीकरांना आवडणार नाही.

करार कायद्यात रॅकवर मांडलेला माल हा दुकानाचा प्रस्ताव धरत नाहीत. ते नुसतं आमंत्रण. माल काउंटरवर ठेवून प्रस्ताव देतो तो गिऱ्हाईक, आणि दुकान तो स्वीकारतं किंवा नाकारतं. 1953 मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं बूट्स या औषध दुकानाच्या खटल्यात हे ठरवलं आणि आपल्याकडंही कायद्याच्या वर्गात हेच शिकवतात. त्यामुळं “189 लाच द्या” असा हट्ट तुम्हाला करता येत नाही. दुकान म्हणू शकतं, दर बदललाय, नको असेल तर ठेवा. 2019 च्या कायद्यात जादा आकारणीची जी व्याख्या आहे तीही चार गोष्टींपुरती: कायद्यानं ठरलेला दर, वस्तूवर किंवा वेष्टनावर छापलेला दर, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकावरचा दर, आणि दोघांत ठरलेला दर. रॅकवरची सवलतीची चिठ्ठी यांपैकी नेमकी कशात बसते, यावर मार्टचा वकील तासभर बोलेल.

खानापूरची अक्का
वकीलसाहेब, ‘नको असेल तर ठेवा’ म्हणायला आधी दर बदललाय ते सांगायला नको का? ट्रॉलीत तीस वस्तू असतात, पोरगी टकटक स्कॅन करत सुटते, पडदा तिच्याकडं वळवलेला. बिल हातात येतंय ते पैसे दिल्यावर. न सांगता घेतलेल्याला दोघांत ठरलेला दर कसं म्हणायचं?

आणि सुट्या मालाचं बोला. डाळ, गूळ, शेंगदाणे, भाजी, यांना एमआरपीच नसते. तिथं बोर्डावर जो दर लिहिलाय तोच काय तो आधार. एमआरपीची ढाल पाकिटाला चालेल, हरभऱ्याच्या डाळीला कुठली ढाल?

फुकटचा सल्ला
अक्का, हा मुद्दा मात्र जड आहे. तुमच्या बाजूचा आधार मीच देतो. कापडी पिशवीचे पैसे काउंटरवर आल्यावर सांगण्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर 2020 मध्ये बिग बझारच्या प्रकरणात निकाल दिला. वस्तू निवडून झाल्यावर, पैसे देताना नवा खर्च पुढं करणं ही अनुचित प्रथा, असं आयोग म्हणाला. तोच धागा रॅकच्या दराला लावता येईल. मी तुमचा वकील असतो तर करारावर भांडलोच नसतो, दिशाभुलीवर भांडलो असतो.

गणपत गल्लीतला
आमचं किराणा दुकान आजोबांपासनं. आमच्याकडं चिठ्ठ्याच नाहीत, दर तोंडी. तुमचा हा बंधनकारक नियम आला की मार्टवाला त्याचा वकील लावील, आणि तपासणीवाला पहिला येणार तो आमच्या दारात. चिठ्ठी का नाही लावली म्हणून! गिऱ्हाइकाला दर पटत नसेल तर शेजारी चार दुकानं आहेत. तुम्ही मार्टात एसी खायला गेलासा, आता भोगा.

टिळकवाडीकर
तुमच्या दुकानात दर विचारून, घासाघीस करून ठरतो. तो दोघांत ठरलेला दरच झाला, तिथं ही तक्रारच उद्भवत नाही. जिथं विचारायला माणूसच ठेवलेला नाही, तिथं चिठ्ठी हाच दुकानदाराचा शब्द.

सीमावासी
या चिठ्ठ्या मराठीत असत्या तर ही वेळ आली नसती. मूळ दुखणं ते आहे.

खानापूरची अक्का
189 हा आकडा सगळ्यांना वाचता येतो रे बाबा. तो वाद दुसऱ्या धाग्यावर ने.

चंदगडी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही चंदगड तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्रातले, पण मोठा बाजार बेळगावात. शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं. बिल कर्नाटकातलं, घर कोल्हापूर जिल्ह्यात. तक्रारीसाठी बेळगावचे हेलपाटे घालायचे का?

फुकटचा सल्ला
नाही. 2019 च्या कायद्यानं केलेला हा सगळ्यात उपयोगी बदल. तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. तुम्ही कोल्हापुरात जा. निपाणीच्या माणसानं कोल्हापुरात खरेदी केली असेल तर तो बेळगावच्या आयोगाकडं जाईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षं. मात्र बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, तो कागद काही महिन्यांत कोरा पडतो. चिठ्ठीचाही फोटो हवा, तारीख दिसेल असा. तो नसेल तर तुमच्या 189 ला पुरावा काय? 

25 रुपयांसाठी थेट आयोगात जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. आणि छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल, उदाहरणार्थ जुन्या पाकिटाला नव्या मालाचा दर, तर सरळ वजनमाप खातं. तिथं वाद घालायला जागाच नाही.

टिळकवाडीकर
माझ्या मूळ प्रश्नाला आता वाट दिसते. न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचा. एकूण ग्राहकवर्गाला बाधक अशा प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडंही देता येते, 2019 च्या कायद्याचं कलम 17. म्हणजे डीसी ऑफिसात. वेगवेगळ्या दिवसांची बिलं आणि चिठ्ठ्यांचे फोटो एकत्र जोडून दिले तर ‘एखाद्या वेळी चुकतं’ म्हणता येणार नाही. कॅनडात 2002 मध्ये बऱ्याच दुकानांनी आपणहून एक संहिता स्वीकारली: स्कॅन केलेला दर रॅकपेक्षा जास्त निघाला तर 10 डॉलरपर्यंतची वस्तू फुकट, महागाची असेल तर तेवढी सूट. दुकानांनीच ठरवलेलं, सरकारनं नव्हे. वस्तू फुकट जायला लागली की चिठ्ठ्या लावायला दोनाची चार पोरं होतील. अर्जात ही मागणी घालूया.

गणपत गल्लीतला
फुकट द्यायला लागले की लोक मुद्दाम जुन्या चिठ्ठ्या हुडकत फिरतील.

टिळकवाडीकर
फिरू देत की. दुकानाचं काम फुकटात होईल.

काउंटरपलीकडचा
अर्ज करा. पण त्यात एक ओळ घाला: फरक असो नाहीतर फुकट वस्तू असो, तिची वसुली कामगाराच्या पगारातनं करायची नाही. ती ओळ असली तर मीही सही करतो, आणखी चार जणांची आणतो.

फुकटचा सल्ला
पगारकपात ग्राहक कायद्यात बसत नाही. तो अर्ज कामगार खात्याकडं वेगळा द्यावा लागेल.

काउंटरपलीकडचा
मग दोन अर्ज लिहा. पहिला माझा.