दोनदा अस्वल होणारी ड्रुइड आणि पाळीची वाट बघणारा फायटर

रविवारचा_डीएम:
नमस्कार मंडळी. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. आमचं टेबल डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांवर चालतं. चार खेळाडू, सगळे दुसऱ्या लेव्हलला. एक मैत्रीण ड्रुइड खेळते, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारी निसर्गाची जादूगार, त्यातही रूप बदलण्यात तरबेज अशा सर्कल ऑफ द मून शाखेची. लढाई सुरू झाली की ती तपकिरी अस्वल होते, ते अस्वल पडलं की पुन्हा अस्वल. मागच्या सेशनला गोब्लिनांच्या गुहेत फायटर (शस्त्रांनी लढणारा योद्धा) दोनदा बेशुद्ध पडला आणि हिच्या स्वतःच्या हिट पॉइंटना (किती मार झेलता येतो त्या आकड्याला) ओरखडाही आला नाही. फायटर खेळणारा मित्र तक्रार करत नाही. पण शेवटी शेवटी तो पाळी आली की फासा टाकायचा आणि परत मोबाइलमध्ये बघायचा. मला ते बघवलं नाही.

ती नियमाबाहेरचं काही करत नाही, मन लावून खेळते, त्यामुळे अस्वलावर बंदी घालायची नाहीये. राक्षस वाढवू का? की २०२४ चे नियम फक्त वाइल्ड शेपपुरते, म्हणजे या रूप बदलण्याच्या शक्तीपुरते आणू?

कागद_पेन्सिल:
राक्षस वाढवू नका. अस्वलाला पुरून उरतील एवढे राक्षस आणलेत तर फायटर पहिल्याच फेरीत आडवा होईल. त्यापेक्षा दोन विश्रांतींच्या मधल्या चकमकी वाढवा. वाइल्ड शेप दोनदा वापरून झाला की शॉर्ट रेस्टशिवाय, म्हणजे छोट्या विश्रांतीशिवाय, परत मिळत नाही.

हिरवी_पायवाट:
ड्रुइड हा माझा जिव्हाळ्याचा क्लास, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब बघा. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १४ धरलं तर दुसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडचे १७ हिट पॉइंट होतात, फायटरचे २०. तपकिरी अस्वलाचे ३४. ते दोनदा, म्हणजे ६८. एकूण ८५ विरुद्ध २०. शिवाय मून ड्रुइड बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) रूप बदलते आणि त्याच पाळीत चावा आणि पंजा असे दोन हल्ले करते. फायटरला दुसरा हल्ला पाचव्या लेव्हलला मिळतो. तोवर तुमच्या मित्राला कंटाळा येणारच, त्यात त्याचा काही दोष नाही.

हा तिढा जुना आहे. १९७८ च्या नियमांत ड्रुइडला सातव्या लेव्हलला दिवसातून तीनदा रूप बदलता यायचं, एकदा पक्षी, एकदा सरपटणारा प्राणी, एकदा सस्तन, आणि बदलताना काही जखमा भरून निघायच्या. २००३ च्या ३.५ आवृत्तीमध्ये ताकद प्राण्याची यायची, पण हिट पॉइंट स्वतःचेच राहायचे. २०१४ ने प्राण्याचे सगळे हिट पॉइंट वेगळे देऊन टाकले आणि तिथून अस्वल हे दुसरं चिलखत झालं. २०२४ मध्ये परत स्वतःचे हिट पॉइंट, वर ड्रुइडच्या लेव्हलइतके तात्पुरते. मूनवाल्यांना लेव्हलच्या तिप्पट.

माझं ठाम मत आहे की २०२४ ची दिशा बरोबर आहे. रूप बदलण्यातली मजा त्या प्राण्याला काय जमतं यात असली पाहिजे. लांडगा झालात तर वास काढता यावा, कोळी झालात तर छतावरून जाता यावं. मार किती खाता येतो एवढंच बघायचं असेल तर दर वेळी अस्वलच निवडलं जाणार, आणि बाकीचे प्राणी पुस्तकातच राहणार.

तेव्हा आणाच, पण पूर्ण आणा. नुसते हिट पॉइंट कापलेत तर तिच्यावर अन्याय होईल. मून ड्रुइडचा आर्मर क्लास (वार बसवायला शत्रूला लागणारा आकडा) रूपात असताना निदान १३ अधिक विज्डमचा मॉडिफायर (त्या गुणावरून मिळणारी भर) इतका धरा. विज्डम १६ असेल तर मॉडिफायर ३, म्हणजे आर्मर क्लास १६, अस्वलाच्या ११ पेक्षा कितीतरी बरा. रूपात असताना जखमा भरणाऱ्या क्युअर वून्ड्ससारखे सर्कलचे स्पेलही (शाखेचे मंत्रही) टाकू द्या. २०१४ मध्ये रूपात असताना स्पेल टाकायला अठराव्या लेव्हलची वाट बघावी लागते. दुसऱ्या लेव्हलला तात्पुरते ६ येतील, म्हणजे १७ अधिक ६, एकूण २३. फायटरचे २०. आता दोघं एका रांगेत उभे राहतात.

आणि तिला अस्वलाऐवजी डायर वुल्फ (थोराड लांडगा) सुचवा. तिला तो आत्ताही घेता येतो. पॅक टॅक्टिक्समुळे, शत्रूच्या ५ फुटांत आपला माणूस उभा असेल तर लांडग्याला ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. चावा बसला आणि शत्रूचा सेव्ह (बचावाचा फासा) हुकला की तो जमिनीवर पडतो, मग शेजारच्या फायटरलाही ॲडव्हान्टेज. लांडग्याला फायटर हवा आणि फायटरला लांडगा. आमच्या टेबलावर हे सुरू झालं तेव्हा दोन खेळाडू एकमेकांच्या पाळीकडे डोळे लावून बसायला लागले.

आधी फेअरी फायर (शत्रूंना उजळवून त्यांच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज देणारा स्पेल) टाकून मग रूप बदललं तरी चालतं. रूपात असताना सर्कलचे सोडून नवा स्पेल टाकता येत नाही, पण टाकलेल्यावरचं कॉन्सन्ट्रेशन (तो चालू ठेवणारी एकाग्रता) टिकतं. फायदा सगळ्या पार्टीला.

वीस_बाजू:
लढाईपुरतं पटलं. पण हेरगिरीचं काय? २०१४ च्या मांजराचे २ हिट पॉइंट. पहारेकऱ्याची एक लाथ बसली की भर दरबारात ड्रुइड उभी, आणि मग पुढचा तासभर सगळं टेबल जीव मुठीत धरून खेळतं. नव्या नियमात तेच मांजर लाथा खाऊन निघून जातं. ती धाकधूक मला गमवायची नाही.

हिरवी_पायवाट:
हा मुद्दा खरा आहे, मलाही त्याची उणीव जाणवते. मी घरचा नियम लावते: टायनी, म्हणजे अगदी छोट्या आकाराच्या रूपात मार बसला की हिट पॉइंट कितीही असोत, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, डीसी १०, म्हणजे निदान १० यायला हवेत. हुकला की मूळ रूपात परत. मोठ्या रूपांना हे लावत नाही.

रविवारचा_डीएम:
तिच्याशी फोनवर बोललो. ८५ विरुद्ध २० ऐकून तीच म्हणाली, बदलू या, मला त्याच्या शेजारी उभं राहून लढायला आवडेल. मांजराचा नियमही घेतोय. आता एकच अडचण आहे. आमचं बाकीचं पुस्तक २०१४ चं, त्यात आधी पाहिलेल्याच प्राण्याचं रूप घेता येतं. डायर वुल्फ अजून कॅम्पेनमध्ये (आमच्या चालू कथेत) आलेला नाही.

हिरवी_पायवाट:
कॅम्पेनमध्ये यायची गरज नाही, पाहिलेला असला की झालं. ड्रुइड होण्याआधी ती कुठल्या रानात वाढली, तो लांडगा तिला कधी दिसला, हे तिलाच पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सांगू द्या. आणि तेव्हा तिच्याबरोबर कोण होतं, हे फायटरला ठरवू द्या.