नवोदित कलाकारांची गाणी शोधायची कुठे?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. मी रोज राजारामपुरीहून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि जाता-येता गाडीत गाणी ऐकतो. माझ्या यादीतली दीडशे-एक गाणी आता इतकी कानात बसली आहेत की एक गाणे संपत असतानाच पुढच्याचा पहिला स्वर मनात वाजू लागतो. स्पॉटिफाय दर सोमवारी ३० गाण्यांची नवी यादी पुढे ठेवते. पण माझ्या यादीत तरी बहुतेक नावे ओळखीचीच निघतात. नुकतेच लिहू-गाऊ लागलेले मराठी कलाकार मला ऐकायचे आहेत. आपण ते कसे शोधता?

गांधारी:
दादा, अशा याद्या मुख्यतः आपल्यासारखी आवड असलेले इतर श्रोते काय ऐकतात, यावरून तयार होतात. ज्याचे गाणे अजून फारसे कोणी ऐकलेलेच नाही, त्याच्याविषयी त्या यंत्रणेला काही उमगत नाही आणि साहजिकच तो मागे राहतो. म्हणून मी गाण्याची श्रेयनामावली वाचते. गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवले की गीतकार, संगीतकार, निर्माता यांची नावे दिसतात, आणि यूट्यूबवर वर्णन पूर्ण उघडले तर बासरी किंवा गिटार कोणी वाजवली, हेही पुष्कळदा सापडते. गेल्या पावसाळ्यात एका गाण्यातली बासरी मला इतकी आवडली की मी वादकाचे नाव शोधत गेले. त्याच्या स्वतःच्या वाहिनीवर चार गाणी होती आणि प्रत्येकाला जेमतेम दोन-तीनशे श्रोते. त्यांतली दोन आजही माझ्या रोजच्या यादीत आहेत.

जुना श्रोता:
गांधारीताईंची रीत उत्तम आहे, पण कोल्हापुरात राहून केवळ फोनवर शोध घ्यावा, हे मला पटत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला आणि जिथे १८८३ साली स्थापन झालेली देवल क्लब ही संगीतसंस्था आजही उभी आहे, तिथे नवा गळा समोर बसून ऐकण्याची सोय आहे. मैफलीला जाल तेव्हा मुख्य गायकाइतकेच लक्ष मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांकडे द्या. गुरूंनी खूण केल्यावर एखादी शिष्या दोनच आवर्तने गाते आणि तेवढ्यात तिची तयारी कळते. कार्यक्रम संपल्यावर तिला भेटून गाणी कुठे ऐकायला मिळतील, हे अवश्य विचारावे. कोणी आपुलकीने विचारले की ही मुले स्वतः दुवा पाठवतात.

मिरजेचा तंबोरा:
सापडलेले गाणे ऐकायचे कसे, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. स्पॉटिफायवर ३० सेकंदांच्या आत गाणे बदलले तर ते ऐकल्याची नोंद होत नाही, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन कलाकाराला मिळत नाही. पंचवीस-तीस श्रोत्यांनी एखादे गाणे मनापासून वर्षभर ऐकले, तरी त्या मुलाला तो टप्पा गाठता येतो. मी नव्या गाण्यांची वेगळी यादी ठेवतो आणि निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी ऐकल्याखेरीज कोणतेही गाणे काढत नाही, कारण सकाळच्या घाईत नीरस वाटलेली चाल रात्री शांतपणे ऐकताना मनात भरते.

राजारामपुरीकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी श्रेयनामावलीतूनच सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीने स्वतः लिहून गायलेली ओवीच्या चालीची रचना सापडली. आज सकाळी तावडे हॉटेलपाशी वाहतुकीत अडकलो असताना ती दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी मागचा जात्याचा घरघराट ऐकू आला, जो पहिल्यांदा मला रस्त्यावरचाच आवाज वाटला होता. नवी यादी तिच्यापासून सुरू केली आहे. जुना श्रोता, देवल क्लबमधल्या पुढच्या मैफलीची तारीख कळली तर कृपया इथे कळवावी, मी सहकुटुंब येईन.