वाळवंटातली बाग आणि पहाटेचा ओव्हन: तुमचे अनुभव लिहा

चांडलरची_शेवंता
काल पहाटे नानकटाईचा ट्रे बाहेर काढला आणि मिरजेची बेकरी आठवली. मे महिन्यात आई रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा मोजून द्यायची आणि आम्ही भावंडं पत्र्याचा डबा घेऊन भट्टीपुढे नंबर लावायचो. घरी परत येईपर्यंत डब्यातला वरचा थर गायब.

आता राहते अ‍ॅरिझोनात, फिनिक्सच्या शेजारी. जून ते सप्टेंबर ओव्हन लावायचा तर पहाटे चारला. उजाडल्यावर लावला तर एसी आणि नवरा दोघंही कुरकुरतात. बागेचंही तेच, पाच-साडेपाचला पाणी, आठनंतर दार बंद. २०२३ साली सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या (४३ सेल्सिअस) खाली राहिला नव्हता. टोमॅटो, काकडी सगळं झोपलं, पण गवार आणि चवळी ताठ उभी! रोज मूठभर कोवळ्या शेंगा. तेव्हापासून मी उन्हाळ्यात गवारीची भक्त.

कोण कोण आहे अशा रखरखाटात? काय लावता, काय भाजता? लिहा.

बंडू_टुसॉन
गवार म्हणजे राणी. टोमॅटोचं गणित इथे उलटं आहे ताई. फेब्रुवारी अखेर रोप जमिनीत गेलंच पाहिजे, मे-जूनपर्यंत काय ते खाऊन घ्यायचं. पस्तीस सेल्सिअसच्या वर गेलं आणि रात्रीही गरम राहिल्या की फुलं नुसती गळतात, फळ धरत नाही. पुण्याहून आलेल्यांना हे पटतच नाही, एप्रिलमध्ये रोपं विचारत फिरतात.

आणि मेस्किटचं पीठ कुणी वापरलंय का? आपल्याकडच्या वेड्या बाभळीचीच ही जातवाली. शेंगा पिवळ्या झाल्या की झाडावरूनच काढायच्या, पावसाळ्याआधी, नाहीतर बुरशी धरते. दळून गोडसर पीठ होतं. चिकटपणा अजिबात नाही, म्हणून एक वाटी मेस्किटला तीन वाट्या कणीक घेतो. त्याची बिस्किटं चहात बुडवून, अहाहा. टुसॉनला २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं ते उगाच नाही.

सोनूची_आई
वेड्या बाभळीची बिस्किटं 😂 आमच्या सोलापुरात सांगितलं तर लोक मलाच वेडी म्हणतील

मीनल_मस्कत
इथे बाल्कनीच आहे, ती पण पश्चिमेची. ऑक्टोबर ते मार्च मेथी, कोथिंबीर, मुळा, पुदिना. मग सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत ढकलायच्या आणि अळूवर लक्ष ठेवायचं.
ओमानमधल्या निजवाला गेलो होतो तेव्हा फलज पाहिला. डोंगराखालचं पाणी उताराने पाटातून येतं, पंप नाही काही नाही, आणि खजुराच्या बागेत वेळ ठरवून पाळ्या. आमच्या कोकणातल्या आजोबांच्या पाटाच्या पाण्याची भांडणं आठवली. फरक इतकाच की इथे कुणी फावडं घेऊन आलं नाही.
खजुराचा केक करते, साखर शून्य. कृती नंतर टाकते, पोळ्या राहिल्यात.

कोथरूडकर
"पण उष्णता कोरडी असते हो" हे अजून कुणी कसं नाही म्हटलं?

चांडलरची_शेवंता
@कोथरूडकर ओव्हनमधली पण कोरडीच असते. या एकदा जुलैत.

फौजीण_बिकानेर
नवऱ्याची बदली झाली तेव्हा क्वार्टरमागे वाळूच होती. शेजारच्या राजस्थानी भाभींनी शिकवलं, मातीचं साधं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून झाकण ठेवायचं, भोवती वेल लावायचे. पाणी झिरपतं तेवढंच मुळं पितात, वर ऊन कितीही असो. दुधी मस्त आला. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, मधमाश्या तोवर घरी गेलेल्या, म्हणून नर फूल घेऊन मादी फुलाला हातानेच परागकण लावायचे. पोरं म्हणायची आई दुधीचं लग्न लावतेय.
आंधी आली की मात्र वाळवणात वाळू. पापड दाताखाली करकरतात ते वेगळंच.

बंडू_टुसॉन
मडकं पुरायची पद्धत इथेही आहे, ओया म्हणतात. पण पुरायला आधी खड्डा तर व्हायला हवा. वीतभर खाली कॅलिचीचा थर, चुन्याचं सिमेंटच. पहार घेऊन सकाळभर ठणठण. शेवटी सरळ वर वाफे बांधले. त्यातलं जे उगवतं ते लावे पक्षी फस्त करतात, पिल्लांची रांग घेऊन येतात, हाकलायलाही जीव होत नाही.

सोनूची_आई
वाळवणावरून, ऊन इतकं असेल तर कुरडया एका दिवसात वाळत असतील ना तुमच्या?

चांडलरची_शेवंता
सकाळी घालायच्या, दुपारी उलटायच्या, संध्याकाळी डब्यात. गव्हाचा चीक काढायचा कंटाळा नसता तर दुकानच टाकलं असतं.

पाव_प्रेमी
ब्रेडवाल्यांसाठी, या हवेत पीठच कोरडं असतं, पुस्तकातल्या मापापेक्षा पाणी थोडं जास्त लागतं. ओलं फडकं झाकू नका, तेच आधी वाळतं आणि गोळ्यावर पापुद्रा धरतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या. उन्हाळ्यात गोळा बघता बघता फुगतो, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये. लादीपाव सुंदर होतात. कुणाकडे कढीपत्त्याचं रोप आहे का? दुसऱ्या राज्यातून मागवायला गेलो तर निर्बंध, म्हणे सिट्रस सायला नावाची कीड त्यावर राहते आणि संत्र्या-लिंबांना रोग लावते.

चांडलरची_शेवंता
@पाव_प्रेमी कुठे राहता? चांडलरच्या आसपास असाल तर माझ्या झाडाला मुळाशी फुटवे आलेत. शनिवारी या, सकाळी लवकर. लादीपाव आणा.

पाव_प्रेमी
मेसा गावात, चांडलरच्या शेजारीच. साडेसहाला हजर!

मीनल_मस्कत
खजुराचा केक उद्या नक्की. ताई, नानकटाईचं माप द्या की आधी. आणि तूप का डालडा?

चांडलरची_शेवंता
तूप. पण घट्ट हवं, म्हणून आधी फ्रिजमध्ये. पातळ तुपाची नानकटाई ट्रेवर पसरते. अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, चिमूटभर सोडा, वेलची. ३२५ फॅरनहाइटवर पंधरा-अठरा मिनिटं, ओव्हनप्रमाणे बघा.

सोनूची_आई
डालड्याचीच खरी हो. तुपाची खुसखुशीत होते पण ती बेकरीची चव नाही.

कोथरूडकर
सोनूच्या आईशी सहमत. मिरजेत कुठली बेकरी हो, स्टेशनजवळची का?