मदत हवी आहे: ब्रॉयलरच्या खाद्यात एन्झाइम घालताना डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस-कॅल्शियमची पूड) किती कमी करावं?

नमस्कार मंडळी. आमचं खाद्य मका आणि सोयाबीन पेंडीचं. मका कमी पडला की थोडा गहू घालतो, आणि तेवढ्यानेच विष्ठा चिकट होते, लिटर (शेडमधला भुशाचा थर) ओलं पडून गोळे धरतं, पिल्लांच्या तळपायाला चट्टे दिसू लागतात. गव्हातल्या अरॅबिनोझायलन या तंतूमुळे आतड्यातला रस घट्ट होतो, म्हणून तो तोडणारं झायलनेज एन्झाइम सुरू करायचं नक्की केलंय. त्याबद्दल शंका नाही.

खरी अडचण फायटेज या दुसऱ्या एन्झाइमची आहे. धान्य-पेंडीतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो, तो फायटेज मोकळा करतं हे पटतं. पण पुडीवरची मॅट्रिक्स व्हॅल्यू (एन्झाइममुळे किती पोषण जास्तीचं मिळेल, तो आकडा) पूर्ण धरून डीसीपी एकदम उतरवायची माझी हिंमत होत नाही. हिशोब चुकला तर पिल्लं पायात अधू होतात, आणि ते बघवत नाही. शिवाय कॅल्शियम जास्त झालं की फायटेजचं काम मंदावतं. मग डीसीपीबरोबर चुनखडीही त्याच प्रमाणात कमी करता का?

दुसरं, आमचं खाद्य पेलेटचं (दाबून केलेल्या गोळ्यांचं) आहे. पेलेट पाडण्याआधी कंडिशनर यंत्रात ८५ अंशांपर्यंत वाफ लागते. एवढ्या उष्णतेत साधं एन्झाइम टिकणं कठीण. कोटिंगवालं घ्यावं, की पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप फवारावं? फवारा सगळीकडे सारखा बसतो का, हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.

प्रोटिएज (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) आणि इमल्सिफायर (चरबी पचायला मदत करणारा घटक) यांचं नंतर बघू. आधी फायटेजचं मार्गी लावायचंय.