फिरतीची नोकरी आणि तब्येत : आपले अनुभव

अंबाझरी
गेल्या रविवारी माळा आवरताना वडिलांचा पितळी फिरकीचा तांब्या हाती लागला आणि माझ्या फिरतीची २२ वर्षे डोळ्यांपुढे उभी राहिली. सहकारी बँकांच्या शाखा तपासण्यासाठी मी यवतमाळ, वणी, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात महिन्यातले १५-१६ दिवस बाहेर असे. आता माझी मुलगी अशाच नोकरीला लागली आहे आणि तीन महिन्यांतच तिचा चेहरा उतरला आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे चुकले ते जेवणात. तपासणी अर्धवट टाकून उठायचे नाही म्हणून दुपारचे जेवण राहायचे, चार वाजता भजी आणि चहा व्हायचा, आणि रात्री साडेदहाला लॉजशेजारच्या खानावळीत तर्रीची भाजी. आधी आम्लपित्त सुरू झाले, मग रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी औषध देण्यापूर्वी मला आठवडाभराच्या जेवणाच्या वेळा लिहून आणायला सांगितल्या, तेव्हा सात दिवसांत कोणतेही दोन दिवस एकमेकांशी जुळले नाहीत आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवताना मला फार वाईट वाटले. त्यानंतर कोणत्याही शाखेत गेलो की पहिल्याच दिवशी सांगत असे, ‘एक वाजता मी डबा उघडणार.’ कोणी कधी हरकत घेतली नाही. एका शाखेत तर सगळेच कर्मचारी माझ्याबरोबर एकला जेवायला बसू लागले.

वणीला एका मे महिन्यात भर दुपारी स्टँडवरून चालत निघालो आणि पोटऱ्यांत गोळे येऊन रस्त्यातच बसलो. शाखेतल्या शिपाईदादांनी मला सावलीत नेऊन साखर-मिठाचे पाणी पाजले. तेव्हापासून तांब्या भरल्याशिवाय मी खोलीबाहेर पडलो नाही. आपले अनुभव अवश्य लिहावेत, विशेषतः स्त्रियांनी.

शेवंती
काका, आपण स्त्रियांचा उल्लेख केलात म्हणून स्पष्ट लिहिते. मी औषध कंपनीची प्रतिनिधी आहे. सातारा माझे हेडक्वार्टर, वाई आणि कोरेगाव एक्स-स्टेशन (म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत येण्याची गावे), शिवाय महिन्यातून दोनदा मुक्कामाची आउटस्टेशन फिरती. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत मी अर्धी बाटली पाणीसुद्धा पीत नव्हते आणि त्यापायी एका वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तिसऱ्या वेळी ताप इतका चढला की दवाखान्यात राहावे लागले. आता माझ्या वहीत प्रत्येक गावापुढे डॉक्टरांच्या नावाबरोबर त्या गावात वापरण्याजोगे स्वच्छतागृह कुठे आहे तेही लिहिलेले असते. ज्या रुग्णालयांत भेटीसाठी थांबावे लागते तिथल्या परिचारिकांना विचारले की त्या आपुलकीने जागा दाखवतात. नवीन मुलींना मी ही वही उतरवून घ्यायला देते. आपल्या मुलीलाही देईन.

अंबाझरी
ताई, मनापासून आभार. पाण्याविषयी मी तिला रोज बजावत होतो, पण ती पाणी का पीत नाही हे विचारण्याचे मला सुचले नव्हते. आज विचारतो.

नदीकाठ
साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण नीट लक्षात ठेवावे. एक लिटर स्वच्छ पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. तयार पुडी मिळत असेल तर तीच बरी, मात्र एक लिटरची पुडी एका पेल्यात कालवू नये. माझ्या भावाने तसे केले होते.

घाटवाट
मी भाड्याची गाडी चालवतो. आमच्या धंद्यात जेवणापेक्षा झोपेचे हाल अधिक. साहेब हॉटेलात झोपतात आणि आम्ही सीट मागे करून गाडीत. रात्री दोन ते पाच हा वेळ फार वाईट असतो आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, सपाट रस्त्यावर तर डोळे उघडे असूनही मन झोपलेले असते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. हे अंतर एका दमात तोडायला लावणाऱ्यांना मी आता नम्रपणे नकार देतो. चहाने झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते, म्हणून डुलकी येऊ लागताच सुरक्षित थांब्यावर २० मिनिटे झोपतो आणि तोंड धुऊन पुढे निघतो. आपल्याबरोबर ड्रायव्हर असेल तर त्याच्या मुक्कामाची सोय विचारावी, एवढी सर्वांना विनंती आहे.

कास
माझे यजमान इन्शुलिन घेतात आणि त्यांची फिरती मराठवाड्यात असते. लॉजमधल्या फ्रिजमध्ये पेन ठेवले तर चालते का?

नदीकाठ
कास, चालू असलेले पेन थंड खोलीत, उन्हापासून दूर राहिले तर पुरते. किती दिवस चालते ते त्याच्या कागदावर दिलेले असते. न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावीत, पण लॉजच्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून कधीही ठेवू नयेत. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकून द्यावे लागते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.

दूरदेशी
माझी फिरती पुण्याहून अमेरिकेची. तिकडे जाताना फारसे जाणवत नाही, परंतु परतल्यावर, म्हणजे पूर्वेकडे प्रवास केल्यावर, आठवडाभर रात्री तीनला जाग येते. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालणे आणि दुपारी कितीही झोप आली तरी न झोपणे यांचा मला गुण आला. त्याहून जड जाते ते हॉटेलातले एकटेपण. दिवसभर माणसांत बोलून खोलीत आल्यावर एक शब्दही बोलावासा वाटत नाही आणि तरीही कोणीतरी बोलावे असे वाटते. म्हणून मी तिथल्या रात्री आईला फोन करतो. इथे सकाळ असते आणि ती भाजी निवडत असते. काय भाजी आहे एवढेच विचारतो, पण त्यानंतर झोप लागते.

शेवंती
दादा, हे वाचून डोळे भरून आले. माझी आई फिरतीच्या आदल्या रात्री दशम्या करते. ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, किंचित मीठ घालायचे आणि भाकरीसारखे थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर कारळाची कोरडी चटणी आणि गूळ असला की खानावळ शोधावी लागत नाही.

अंबाझरी
शेवंतीताई, मुलीशी बोललो. तीसुद्धा आपल्यासारखीच पाणी टाळत होती. वहीची पाने धाग्यावर न टाकता मला व्यक्तिगत निरोपाने पाठवावीत. सोमवारी ती जळगावला निघते आहे. तांब्याला कल्हई करून आणली आहे आणि रविवारी रात्री दशम्या मी करणार आहे. दूध कोमट घ्यावे की थंड, एवढे कृपया आईंना विचारून सांगावे.