नोकरी सांभाळून क्वालिटीत एमटेक करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आधी डिप्लोमा मेकॅनिकल, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई (६१ टक्के, हे पुढे लागणारे म्हणून लिहितोय), त्यानंतर ९ वर्षं हेच काम, लाइन इन्स्पेक्शनपासून सुरुवात आणि आता कस्टमर कंप्लेंट नि पीपॅप (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाइल) बघतो. एफएमईए (काय बिघडू शकतं त्याचा आधीच विचार), एमएसए (मोजमापाचीच तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर नजर) सगळं तोंडपाठ, ऑडिटला माझ्या फायली टकाटक असतात. गोची तिथंच आहे.

मागच्या महिन्यात कस्टमरचा एसक्यूए (सप्लायरची क्वालिटी तपासणारा माणूस) आलेला. बोअर डायमीटरचा (भोकाच्या व्यासाचा) सीपीके, म्हणजे प्रोसेस मर्यादेत किती आरामात बसते त्याचा आकडा, १.७२ लावून मी एकदम खुशीत, जास्त तेवढा चांगला ना. त्याने रीडिंगच्या वेळा बघितल्या, तीसच्या तीस पीस सकाळच्या एका तासात, एकाच टूलवर काढलेले. म्हणाला, साहेब हा सीपीके नाही, हा एका तासाचा फोटो आहे, टूल घासल्यावर काय होतं ते दाखवा. मग गेज आर अँड आर (एकूण फरकात मोजमापाच्या साधनाचा न मोजणाऱ्याचा वाटा किती ते) उघडला, ३४ टक्के. मी म्हटलं गेज बदलतो. तर म्हणे ते नंतर, आधी पीस कसे निवडले ते सांगा. मला प्रश्नच कळला नाही हो. ९ वर्षं काढली आणि साधा प्रश्न कळला नाही. एक्सेलच्या हिरव्या चौकटीत आकडे भरायचे, खाली उत्तर येतं, आपलं एसपीसी एवढंच.

तेव्हापासून शिकायचं डोक्यात आहे. बिट्स पिलानीचं नोकरी करणाऱ्यांसाठीचं वर्क इंटिग्रेटेड एमटेक बघितलं, क्वालिटी मॅनेजमेंटमधलं. ४ सेमिस्टर, गेट परीक्षा लागत नाही, शेवटच्या सेमला डिसर्टेशन (प्रबंध), कंपनीची संमती आणि एक मेंटर लागतो. ६० टक्क्यांची अट आहे म्हणजे मी काठावर पास. पण क्लास शनिवार-रविवारी आणि आमची सुट्टी गुरुवारी! एमआयडीसीवाल्यांना कळेल माझं दुखणं. त्यात मेव्हण्याने घाबरवून ठेवलंय की पत्राने केलेली इंजिनिअरिंगची डिग्री चालत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. मुलगी ३ वर्षांची, होम लोन चालू. पैसे आणि २ वर्षं घालावीत का? का एखादं सर्टिफिकेट बरं?

भोसरीचा जुना: डिग्रीचं नंतर, आधी तुझ्या ३४ टक्क्यांचं बघू. तू लाइनवरून ओळीने १० पीस उचललेस ना? सगळे जुळे भाऊ. पिसापिसात फरकच नाही, मग एकूण फरकात गेजचा वाटा मोठा दिसणारच. वेगवेगळ्या शिफ्टचे, टूल बदलायच्या आधीचे, नंतरचे असे पीस घे, प्रोसेसची सगळी रेंज आली पाहिजे. शिवाय टॉलरन्सवर (ड्रॉइंगने दिलेल्या सुटीवर) पण टक्केवारी काढून बघ. १० च्या आत आलं तर उत्तम, ३० च्या वर राहिलं तरच गेजला शिव्या घाल. आणि पीपॅपच्या मॅन्युअलमध्येच सुरुवातीच्या स्टडीला किमान २५ सबग्रुप (वेगवेगळ्या वेळी काढलेले पिसांचे छोटे गट), १०० रीडिंग म्हटलंय. तीस पिसांवर उड्या मारू नये.
शिकायचंच तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं पण बघ. त्यांचं क्वालिटी-रिलायबिलिटीचं एमटेक फुल टाइम, ते तुझ्या कामाचं नाही, पण त्यांच्या पुण्याच्या एसक्यूसी (आकडेवारीने क्वालिटी कंट्रोल) युनिटचे छोटे कोर्स असतात.

नाईटशिफ्ट: मी हेच केलंय, वाळूजला नोकरी करत. मेव्हण्यांना सांगा, तो निकाल डिस्टन्सबद्दल होता, हे वर्क इंटिग्रेटेड म्हणून चालतं. पण सरकारी नोकरी किंवा पीएचडी डोक्यात असेल तर जिथे अर्ज करणार तिथून आधी लेखी घ्या, तोंडी कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. क्लासचं रेकॉर्डिंग नंतर बघता येतं, मी निम्मं कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून ऐकलंय. परीक्षा मात्र ठरलेल्या दिवशीच, आणि माझी एक नेमकी मार्च एंडच्या डिस्पॅचमध्ये आली, साहेबांचं तोंड आठवडाभर वाकडं. स्टॅटिस्टिक्सला पहिले दोन महिने रडले. प्रमोशन? नाही मिळालं. पण डिसर्टेशन स्वतःच्याच लाइनच्या रिजेक्शनवर केलं, त्यासाठी तरी पैसे वसूल झाले असं मला वाटतं. मेंटर असा धरा जो तुम्हाला डेटा काढू देईल. नुसता सही करणारा धरलात तर शेवटचं सेम बोंबललंच समजा.

सहा_सिग्मा_सात_दुःख: एमटेकच्या आधी एएसक्यू या अमेरिकन क्वालिटी संस्थेचं सीक्यूई (सर्टिफाइड क्वालिटी इंजिनिअर) हे सर्टिफिकेट बघा. ८ वर्षांचा अनुभव लागतो, बीईची ४ वर्षं सूट मिळते, पण त्यातली ३ वर्षं निर्णय घेणाऱ्या पदावरची हवीत. परीक्षा ओपन बुक आहे म्हणून खुश होऊ नका, पानं चाळायला वेळ पुरत नाही. बाहेरच्या कस्टमरला हे नाव लगेच कळतं. एचआरला मात्र कळत नाही, त्यांना एमटेकच कळतं :)

धागाकर्ता: काका, दंडवत! आजच पुन्हा पीस काढले, ३ शिफ्टचे, त्यात २ टूल बदलायच्या जरा आधीचे. २१ टक्के आले. गेज तोच, माणसं तीच. म्हणजे ९ वर्षं मी कितीतरी बरे गेज बाद करून पर्चेसवाल्यांचं डोकं खाल्लं असणार, त्यांना सांगत नाही.

ताई, मेंटरचं तुमचं पटलं. आमचे प्लँट हेड तयार होतील बहुधा, टूल रूमचा डेटा पण त्यांच्याच हातात. बायको म्हणते रविवारी सकाळी मुलीला मी बघते, दुपारनंतर तू. एचआरला विचारलं तर अर्धी फी देऊ म्हणाले, पण बाँड लिहून द्यायचा. कुणी असा बाँड दिलाय का? साधारण किती वर्षांचा असतो आणि मधेच नोकरी सोडली तर पूर्ण पैसे परत मागतात का?