बाजूला होणं म्हणजे पळ काढणं नव्हे

महाधिवक्त्याने, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाने, जुन्या अशिलाच्या प्रकरणातून बाजूला होणं म्हणजे जबाबदारी टाळणं, असं मत मांडलं जातं; ते मला अजिबात पटलं नाही. केंद्रात विधी अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1987 च्या नियमांनुसार महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, भारत सरकारविरुद्ध कुणाला सल्ला देऊ शकत नाहीत, परवानगीशिवाय फौजदारी खटल्यात आरोपीचा बचावही करू शकत नाहीत. पण नेमणुकीआधीच्या अशिलांचं काय? खरी अडचण तिथेच आहे.

आमच्या खान्देशात बघा. धरणात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा वाढीव मोबदल्याचा दावा वर्षानुवर्षे चालतो, जळगाव-धुळ्याहून अपील औरंगाबाद खंडपीठात जातं. त्याचे कागद हाताळलेला वकील उद्या सरकारी वकील झाला, तर त्याने त्या फाइलला हातही लावू नये. नुसतं तारखेला गैरहजर राहून भागणार नाही. कारण लेखी द्यावं, आणि काम त्याच्या हाताखालच्या माणसाकडे जाऊ नये.